लांज्याच्या आमटीचं मीठ

“ऊठ, इथं नको,” अण्णा म्हणाले.

समोर केळीची पानं मांडलेली होती. त्यावर भात, दोन भाज्या, पापड, कोपऱ्यात लोणचं. वाढपी रसमच्या वाट्या ठेवून नुकताच वळला होता. अण्णांनी आपली वाटी उचलून तोंडाशी नेली, थोडा वेळ तशीच धरली आणि होती तिथं परत ठेवली. घोटसुद्धा घेतला नाही. मी पहिला घास कालवून हातात धरलेला, तो तसाच राहिला.

“अण्णा, पान वाढलंय.”

“दिसतंय मला.”

“मग?”

“मग काय? चल.”

वाढल्या पानावरून उठू नये हे मला शिकवलं ते याच माणसानं. एका लग्नात रुसून उठलेल्या व्याह्याला त्यांनी खांदा धरून परत पाटावर बसवलं होतं, “भांडण मागाहून करा, आधी पान संपवा” म्हणून. आणि आता स्वतः चपला घालून रस्त्यावर उभे. मी चार घास कसेबसे कोंबले, हात धुतले आणि त्यांच्या मागे निघाले. बारा वर्षं त्यांच्या मागेच चालत होते, त्यात आणखी एक दिवस.

ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची, मलेशियातल्या पेनांगची. अण्णा म्हणजे माझे सासरे, देवरुखचे आचारी त्र्यंबक आठल्ये. आमच्या भागात मुंज असो, लग्न असो, पंगत आठल्यांची आहे म्हटल्यावर लोक नातं शोधून काढून जेवायला यायचे. माझे यजमान पतपेढीत. त्यांना चुलीचा धूर सोसत नसे. मला सोसतो का, हे कोणी विचारलं नाही, म्हणून लग्नानंतर वर्षभरात मी अण्णांच्या हाताखाली आले. पुरण वाटायचं, पोळ्या लाटायच्या, भाज्या चिरायच्या, पंगत उठली की पातेली घासायची.

आमच्या मुदपाकखान्यात दोन नियम होते. एक, देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कशालाही जीभ लावायची नाही. दुसरा, मीठ अण्णांशिवाय कोणी घालायचं नाही. न चाखता मीठ कळायचं कसं, तर वासावर. अण्णा मुठीनं मीठ घालायचे, पातेल्यावर वाकून वाफ घ्यायचे आणि म्हणायचे, “अर्धी मूठ कमी.” ती अर्धी मूठ पडली की आमटीला देवही नाव ठेवणार नाही. कोणत्या चुलीवरचा भात तळाला लागतोय हे त्यांना दारात उभं राहून कळायचं.

आणि अशा माणसाच्या पंगतीत त्या वर्षी माघात लांज्याला आमटी खारट झाली. थोडीथोडकी नाही, माणसांनी वाट्या सरकवल्या. पाध्यांकडची मुंज होती. पाध्येबाई तोंड लाल करून आत आल्या. “अण्णा, हे काय हो?” अण्णा पातेल्याकडे बघत म्हणाले, “मी घातलं होतं बरोबर. सूनबाईनं परत घातलेलं दिसतंय.”

खरं सांगते, मला माझीच शंका आली. दोनशे माणसांच्या धबडग्यात मीच चुकून घातलं असेन का? चार महिने मी तेच आठवत होते. भाकरी थापताना आठवायची, आंघोळ करताना आठवायची. देवरुखच्या बाजारात बायका हसून विचारायच्या, “काय गो वैजयंती, आज मीठ मोजून घेतलंस ना?” शेवटी मी मनाशी ठरवलं, पुरे झालं. अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती. अर्ज भरून मी पर्समध्ये ठेवला होता. पेनांगची पंगत ही माझी शेवटची.

ती पंगत नाना काण्यांची. नाना मूळचे देवरुखचे, अण्णांहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. त्यांची मुलगी हेमांगीताई नवऱ्याच्या नोकरीमुळे पेनांगला स्थायिक झालेली, आणि नाना आता तिच्याकडेच असत. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन शुक्रवारी करायचं ठरलं होतं. म्हातारा हट्टाला पेटला, “मरण्याआधी एकदा त्र्यंबकाच्या हातची पुरणपोळी आणि कटाची आमटी खायची.” मुलीनं आम्हा दोघांची तिकिटं पाठवली. एकशेवीस पानं होती. लांज्यानंतर ही पंगत बिघडली असती, तर आठल्यांची चूल विझलीच असती, आणि विझवणारी म्हणून माझं नाव लागलं असतं.

आम्ही मंगळवारी उतरलो. हेमांगीताई म्हणाल्या, जेवायला घरीच या. अण्णा म्हणाले, “नको. दोन दिवस आम्ही गाव बघतो. बाहेरच जेवू.” मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस रत्नागिरीला गेला तरी फडक्यात दशम्या बांधून नेणारा. दुसऱ्याच्या हातचा चहासुद्धा तोंड वाकडं करून प्यायचा. हेमांगीताईंनी शाकाहारी ठिकाणांची यादी कागदावर लिहून दिली. तो कागद अण्णांनी माझ्याकडे दिला.

“चांगलं ठिकाण बघ गो. पाटी बघू नको, गर्दी बघू नको. लांबूनच कळलं पाहिजे असं ठिकाण हवं.”

“लांबून काय कळायला हवं?”

“की इथं काहीतरी शिजतंय.”

मला वाटलं, म्हातारपणी जिभेला पालवी फुटली असेल.

बुधवार असा गेला. केळीच्या पानावरून उठल्यानंतर आम्ही एका चिनी खाणावळीत गेलो. बुद्धाला मानणारे लोक, मांसमच्छी नाही, कांदालसूणसुद्धा नाही. दारातच मोठ्या हंड्यात कसल्यातरी मुळ्या नि साली उकळत होत्या, चक्रीफुलाचा वास रस्त्याच्या पलीकडे येत होता. मी खूश झाले. म्हटलं, हे बघा, लांबून कळतंय. अण्णा त्या हंड्याजवळ जाऊन उभे राहिले. मालकीणबाई हसल्या, त्यांनी झाकण पूर्ण काढलं. वाफेनं अण्णांचा चष्मा भरून गेला. त्यांनी तो काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत घातला.

“बसायचं ना?” मी विचारलं.

“नको.”

“अण्णा, माझे पाय गेलेत.”

“मग तू बस. मी पुढं बघतो.”

एकटं कसं सोडणार? भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही, अडुसष्ट वर्षांचं माणूस. तिथली घरं जुनी, खाली दुकानं आणि दुकानांपुढे ओळीनं पडव्या. त्या पडव्यांतून आम्ही चालत राहिलो. बाहेर ऊन असं, की देवरुखचं वैशाखातलं ऊन त्यापुढे बरं. घामानं पोलकं अंगाला चिकटलेलं. यादीतली एकेक ओळ मी खोडत होते. एका ठिकाणी इडली आली, त्यांनी चटणीची वाटी उचलली आणि ठेवली. एका ठिकाणी आल्याचा चहा आला, दोन्ही हातांत धरून बसले तो निवेपर्यंत. पितात थोडंसं, गिळतात, आणि “चल.” मी मनात म्हटलं, ही खोड आहे. लांज्याला माझी अब्रू घालवली, आता इथं चालवून मारतायत.

एका दुकानात जायफळं होती. पेनांगला जायफळ पुष्कळ होतं, फळाच्या गराचं लोणचं करतात, साखरेत मुरवतात. अण्णांनी एक कोरडं जायफळ उचललं, नखानं खरवडलं आणि नाकाशी धरून उभे राहिले. बराच वेळ. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला.

“पुरणाला घ्यायचं का?” मी विचारलं.

“तू बघ कसं आहे.”

मी वास घेतला. “झकास आहे. आपल्याकडच्याहून कडक.”

“घे तर.”

बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला ‘तू बघ’ म्हटलं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण पाय दुखत असले की माणसाचं डोकं पायातच असतं.

गुरुवारी सकाळी सामान हॉलवर पोचवलं. तिथल्या एका देवळाचा हॉल होता, मागे ऐसपैस स्वयंपाकघर, मदतीला देवळातल्या दोन तमिळ बायका. डाळ निवडून ठेवली, गूळ चिरला. अकरा वाजता अण्णा परत म्हणाले, “चल, जेवायला जाऊ.” कागदावर तीन ठिकाणं उरली होती.

पहिल्याच ठिकाणी आत शिरताना कोणीतरी वाळक्या मिरच्यांची फोडणी घातली. सगळी खाणावळ खोकायला लागली. मी पदर नाकाला लावला. अण्णासुद्धा खोकले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी पाहिलं तर ते हसत होते. दोन दिवसांत पहिल्यांदा.

“इथं बसू,” ते म्हणाले. “इथं कळतंय.”

बसलो. भात आला, ती मिरच्यांची आमटी आली. अण्णांनी आधी वाटी नाकाशी नेली, मग एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. हसू हळूहळू गेलं. या वेळी ते उठले नाहीत. पान खाली मान घालून पूर्ण संपवलं, औषध घेतल्यासारखं.

“चांगलं नव्हतं?” मी बाहेर आल्यावर विचारलं.

“चांगलं असेल.”

असेल म्हणजे काय? मी विचारणार होते, पण दमले होते. अण्णाही दमले होते. पुढच्या कोपऱ्यावर सावलीत एक बाक होता. “जरा टेकतो,” म्हणून ते तिकडे गेले.

मी दहा पावलं अलीकडेच थांबले. मला पुढं जाववेना. पावसाळ्यात कुजलेल्या कांद्यांचं पोतं कोणी उघडावं, तसा वास. बाकाला लागूनच एक हातगाडी होती, तिच्यावर काटेरी फळांचा ढीग. गाडीवाला सुऱ्यानं फळ फोडत होता नि आतले पिवळे गरे डब्यात भरत होता. रस्त्यानं जाणारे दोघे गोरे प्रवासी नाक दाबून पळाले. त्या फळाला ड्युरियन म्हणतात हे मला मागाहून कळलं. तिथल्या लोकांचा त्याच्यावर जीव, पण नवख्या माणसाला त्याच्याजवळ उभं राहवत नाही.

अण्णा त्या गाडीला खेटून बसले होते. मान वळवून फळांकडे कौतुकानं बघत होते.

“वैजयंती, ये की. हे फणसातलंच काहीतरी दिसतंय. गरे बघ कसे आहेत. घ्यायचे का?”

मी पदर नाकावर दाबून तिथंच उभी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पदराकडे पाहिलं. मग त्या पळणाऱ्या प्रवाशांकडे, मग गाडीकडे. आणि त्यांचा चेहरा पडला. चोरी पकडली गेल्यावर लहान पोराचा पडतो तसा.

“वास येतोय का?” त्यांनी हळूच विचारलं.

“अण्णा, तुम्हाला येत नाही?”

मी नाक मुठीत धरून गेले, त्यांच्या शेजारी बसले.

“कधीपासून?”

“आषाढात तो ताप आला होता ना. तो उतरला, आणि हे गेलं.”

“काहीच येत नाही?”

“काहीच नाही. जीभ शाबूत आहे. खारट कळतं, आंबट, तिखट कळतं. पण नाकात काही नाही. म्हटलं, परमुलखात वेगळे मसाले असतील, काही ना काही तरी आत शिरेल. म्हणून तुला वणवण फिरवलं.” त्यांनी गाडीकडे हात केला. “आता हेही कळेना, म्हणजे संपलंच.”

मला त्यांची कीव आली. खरंच आली. पण तिच्या मागोमाग दुसरं आलं, ते मला आवरलं नाही. आषाढ आधी, माघ नंतर.

“म्हणजे लांज्याला मीठ मी नव्हतं घातलं.”

“नाही.”

“तुम्हाला माहीत होतं.”

“माझ्या मुठीचं मला माहीत नसेल? खड्याच्या मिठाची मूठ माझी. त्यांच्याकडं बारीक मीठ होतं, पिशवीतलं. बारीक मीठ मुठीत दाबून बसतं, जास्त जातं. पूर्वी वासावर सावरलं असतं.”

“आणि माझ्यावर ढकललंत.”

“नाव गेलं असतं गो. चाळीस वर्षांचं.”

“माझं गेलं, त्याचं काय?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, लबाडी नव्हती. जे होतं ते सांगितल्यासारखं ते म्हणाले, “तुझं नाव होतंच कुठं?”

शिवी दिली असती तर परत देता आली असती. गाडीवाल्यानं आम्हाला दोन गरे चाखायला पुढं केले. मी मान हलवली. आम्ही उठलो आणि हेमांगीताईंच्या घराकडे निघालो, अण्णा मागे, मी पुढं. एवढाच काय तो बदल.

त्या संध्याकाळी मी पर्समधला अर्ज काढून पाहिला. मनात आलं, उद्या अंग दुखतंय म्हणावं आणि पडून राहावं. घालू देत मीठ स्वतःच्या मुठीनं. एकशेवीस माणसं तोंड धुवायला पळतील, आणि मी स्वयंपाकघरात नव्हतेच म्हटल्यावर सगळ्यांना कळेल लांज्याला काय झालं ते. झाकली मूठ उघडायला मला काही करायचंच नव्हतं, नुसतं निजायचं होतं.

पण नाना काणे बाहेरच्या खोलीत बसून हेमांगीताईंना विचारत होते, “उद्या किती वाजता गो पंगत?” तिसऱ्यांदा विचारत होते. मी अर्ज घडी करून परत ठेवला.

शुक्रवारी सकाळी सहाला चुली पेटल्या. डाळ शिजली, कट काढला, पुरण शिजवून वाटलं, जायफळ किसून घातलं. त्या बायका नारळ खवत होत्या. आम्ही दोघं कामापुरतं बोलत होतो. आठ वाजता आमटीला उकळी आली आणि मी मिठाचा डबा बघितला. बारीक मीठ. पांढरं, पिठासारखं.

“अण्णा, हे बारीक आहे.”

“मला डोळे आहेत,” ते म्हणाले, आणि मूठ भरून घातली. मग दुसरी. चाळीस वर्षांची सवय हाताची, हात थोडाच ऐकणार! तिसरी घातल्यावर ते थांबले. पातेल्यावर वाकले, नेहमीसारखी वाफ घेतली. तसेच वाकून राहिले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन वाकले. गूळ, चिंच, गोडा मसाला, कढीपत्ता, आणि त्या सगळ्याच्या खाली काहीतरी उग्र, नळाला पाणी यायच्या आधी येतो तसला कोरा वास. बारा वर्षं मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून तीच वाफ घेत होते, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं.

“जास्त झालंय,” मी म्हटलं.

“वासावर सांगतेस?”

“हो.”

“खात्री आहे?”

मी खोटं बोलले असते तर त्यांनी मानलं असतं. “नाही,” मी म्हटलं. “जास्त आहे एवढं कळतंय. किती जास्त ते नाही कळत. चाखून बघू दे.”

“उष्टं होईल.”

“अण्णा, एकशेवीस माणसं आहेत.”

“देवाच्या आधी नाही चाखायचं. माझ्या हयातीत नाही.”

चमचा माझ्या हातात होता. ते बघत नसताना बुडवून जिभेला लावायला किती वेळ लागतो? पण लांज्याला माझं जे झालं ते कोणीतरी कोणापासून काहीतरी लपवल्यामुळे झालं होतं. मला ते परत नको होतं. मी चमचा ठेवून दिला आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. अण्णांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं, पातेल्याकडे पाहिलं.

मग ते म्हणाले, “नैवेद्याचं ताट घे.”

“आत्ता? पूजा अजून सुरू व्हायचीय.”

“घे म्हणतो ना.”

मी ताट घेतलं. त्यांनी भात वाढला, वरण वाढलं, एक पोळी तव्यावरून काढून तुपात भिजवली, आणि ओगराळ्यानं ती आमटी वाटीत घातली, काठोकाठ. वर तुळशीचं पान ठेवलं.

“देव चाळीस वर्षं माझ्या हातचं खातोय,” ते म्हणाले. “एक दिवस खारट खाईल. माणसांना कशाला?”

ताट घेऊन ते बाहेर गेले. दहा मिनिटांनी परत आले, ताट फळीवर झाकून ठेवलं. “भटजी विचारत होते, एवढ्यात नैवेद्य? मी म्हटलं, आज देवाला लवकर भूक लागलीय.” मग माझ्याकडे पाठ करून ते पोळ्यांच्या परातीपाशी बसले. “आता बघ काय बघायचं ते.”

मी चमचाभर आमटी जिभेवर घातली. जीभ आखडली. हिच्यापुढं लांज्याची आमटी काहीच नव्हती.

पण कट उरला होता, मीठ न लागलेला, मोठी कळशीभर. तो घातला. गूळ घातला, चिंच वाढवली, नारळ जास्तीचा वाटून घेतला, फोडणी नव्यानं दिली. चाखलं. परत कट घातला. परत चाखलं. अण्णांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, फक्त दर वेळी माझा चमचा वाजला की त्यांचं लाटणं थांबायचं. साडेदहाला मी म्हटलं, “झालं.” लाटणं पुढं चालू झालं.

पंगत बसली. नानांना पाटाऐवजी खुर्ची दिली होती, पुढे उंच टेबल. मी आमटी वाढली. त्यांनी वाटी उचलून भुरका मारला, डोळे मिटले आणि रडायला लागले. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, जावयासमोर, व्याह्यांसमोर. तीन वाट्या प्यायले. मग अण्णांना बोलावून घेतलं नि त्यांचा हात धरला.

“त्र्यंबका, तोच हात रे. तोच.”

मी तिथंच उभी होते, ओगराळं हातात. मला वाटलं, आता तरी बोलतील. अण्णांनी हात जोडले, मान लववली आणि आत निघून गेले. मला राग यायला हवा होता. पण इतकी थकले होते की रागसुद्धा उभा राहीना. मी पुढच्या पानाकडे वळले.

चार वाजता सगळं आवरलं. बायका घरी गेल्या. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. अण्णांनी फळीवरून नैवेद्याचं ताट काढलं, पाट घेतला आणि जेवायला बसले. नैवेद्याचं ताट आचाऱ्याचं, ही आमची रीत. त्यांनी भातावर ती आमटी घेतली.

“अण्णा, ती नका घेऊ. पातेल्यात चांगली उरलीय.”

“देवापुढं ठेवलं ते मला नको कसं म्हणू?”

एक घास खाल्ला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. जीभ शाबूत होती त्यांची, त्यांनीच सांगितलं होतं.

“लांज्याला इतकी होती?” त्यांनी विचारलं.

“नाही. ही जास्त आहे.”

“हं.”

“टाका ती, अण्णा. तुम्हाला रक्तदाब आहे.”

“पानात टाकू नये.”

सावकाश, एकेक घास करून त्यांनी सगळा भात संपवला. उरलेली आमटी वाटी तोंडाला लावून प्यायले. डोळ्यांना पाणी आलं होतं, ते मिठाचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. ताट स्वच्छ झालं. वर दोन तांबे पाणी प्यायले, हात धुतले आणि मिठाचा डबा उचलून माझ्यासमोर आणून ठेवला. “हा तुझ्याकडं ठेव,” म्हणाले. बस, एवढंच.

देवरुखला परत आलो. अंगणवाडीच्या अर्जाची मुदत आम्ही पेनांगला असतानाच संपली होती. आठवड्याभरानं अण्णा टोपी घालून, छत्री घेऊन सकाळच्या एसटीनं कुठंतरी गेले आणि दिवेलागणीच्या आत परत आले. “जेवायला वाढ,” म्हणाले. मी वाढलं. दिवसभर कुठं होतात, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमच्यात नाहीतरी फार बोलणं नव्हतं. पुढं ते सहा वर्षं जगले. दर पंगतीला माझ्या मागे पाटावर बसून असत. लोक ‘आठल्यांची पंगत’च म्हणत, आणि मीही मान डोलवायची.

अण्णा गेले त्या वर्षी, वर्षश्राद्धाच्या आधी, पाध्येबाई दारात आल्या. लांज्याच्या. त्यांच्या धाकट्या नातवाची मुंज होती.

“पंगत तुमचीच हवी,” त्या म्हणाल्या. “पण मीठ तूच घालायचंस हो. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही.”

“मी? तुमच्याकडं तर माझ्याच हातून...”

“अगो, कसलं तुझ्या हातून? अण्णा आले नव्हते का त्या वर्षी! आमच्याकडं सत्यनारायण होता. चाळीस माणसं पानावर बसलेली. हे दारातनं आले ते थेट पंगतीच्या मधोमध उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, माघातलं मीठ माझं होतं. माझं नाक गेलंय. सुनेवर मी खोटं ढकललं. यापुढं आठल्यांच्या पंगतीत मीठ तिचं.” पाध्येबाईंनी पदरानं तोंड टिपलं. “आम्ही म्हटलं, आलात तर जेवून जा. तर म्हणाले, नको, घरी ती वाढून देईल. उन्हात आले तसे उन्हात गेले. तुला बोलले नाहीत?”

“नाही,” मी म्हटलं.

मी आत गेले, पाण्याचा तांब्या भरला, आणि माठाला टेकून तिथंच रडले. अण्णा गेले तेव्हा आलं नव्हतं इतकं रडू आलं. मग तोंड धुतलं, बाहेर आले, पाध्येबाईंना पाणी दिलं. कॅलेंडर काढून मुंजीची तारीख लिहून घेतली.

“घरात खड्याचं मीठ आहे ना?” मी विचारलं. “नसलं तर सांगा, मी घेऊन येईन.”